मुद्दा क्रमांक सात

इतिवृत्त मी लिहिते.
कॅम्पातली कचेरी, दुसरा मजला, एसी असा
की चिंधू भवारींनी उपरणं कानावरून घेतलंय.
पाचजण पहाटे निघाले माचीवाडीहून,
घोडेगावपर्यंत जीप, पुढं एसटी,
वाकडेवाडीला उतरून रिक्षा.
रिक्षावाला म्हणाला, कुठलं ऑफिस?
हे म्हणाले, सरकार बसतं तिथलं.
त्यानं तीन ठिकाणी फिरवलं.
तिन्ही बरोबर होती.

टेबलाच्या त्या अंगाला राज्य :
वन, महसूल, आदिवासी विकास,
तिघांच्या तीन फायली, तिघांचे तीन नकाशे,
आणि एकाच डोंगराला तिघांचे तीन रंग.
भिंतीवरच्या पडद्यात दिल्ली.
ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.
या अंगाला पाच माणसं आणि एक पिशवी.
कोपऱ्यात मी, श्रीमती डामसे, लघुलेखक.
चिंधूभाऊंनी पाटी वाचली, मग माझे हात बघितले,
मग काहीच बोलले नाहीत.

सहा मुद्दे तासाभरात उरकले.
सातव्यात दोन शब्दांचं भांडण.
त्यांच्या मसुद्यात : ग्रामसभेच्या संमतीशिवाय नाही.
आमच्या मसुद्यात : ग्रामसभेशी विचारविनिमय करून.
(आमच्या. लिहून गेले. खोडत नाही.)

उपसचिव हसून म्हणाले, फरक तो काय?
नामी असवले उठली. बसूनच बोला, म्हणाले. उभीच राहिली.
"साहेब, माझं लगीन ठरलं तवा
मला इचारलं होतं, असं सगळी सांगत्यात.
मी काय म्हणले, ते कुणाच्याच ध्यानात नाही."

दिल्ली म्हणाली, हा राज्याचा विषय.
राज्य म्हणालं, केंद्राचं मार्गदर्शन अपेक्षित.
दोन गावांच्या शिवेवर बैल मरून पडावा
आणि ओढायला कुणीच येऊ नये
तसा मुद्दा दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिला.
वास आला नाही एवढंच. एसी होता.

वनखात्याचे साहेब खोकायला लागले. थांबेनात.
नामीनं पिशवीतून बाळहिरडा काढून पुढं केला.
दाढेत धरा, गिळू नका.
त्यांनी धरला. थोडं बरं वाटलं.
भाव काय याचा? त्यांनी सहज विचारलं.
"तुमीच ठरवताय की," ती म्हणाली,
आणि पिशवीची गाठ मारली.

साडेचारला कागद सरकला : करा सही.
चिंधूभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत ठेवला.
"आमी पाचजण म्हंजे काय सभा नव्हं.
कागद द्या. देवराईत वाचू. समद्यांचं ऐकू.
मग सांगतो."
किती दिवस?
"आवसेला बसते सभा."
म्हणजे अमावस्या? कितीला?
तीन खाती आणि एक पडदा,
सगळे आपापल्या फोनमध्ये
चंद्र शोधायला लागले.

नऊ दिवस होते.
दिल्लीचे ओठ हलले; आवाज आला : ठीक आहे.

रात्री टाईप केलं :
मुद्दा क्र. ७. सविस्तर व सकारात्मक चर्चा झाली.
ग्रामसभेची संमती प्राप्त होईपर्यंत
सदर मुद्दा प्रलंबित ठेवण्यात येत आहे.
साहेबांनी लाल पेन उघडलं,
वाचत 'प्रलंबित'पर्यंत आले, मान हलवली,
पेन मिटलं, सही केली.
आधीचा शब्द त्यांनी पाहिला की नाही
मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

पण ते नंतरचं.
साडेपाचला जिन्यात नामी माझ्यासाठी थांबलेली.
खाली हॉर्न, रिक्षा, पाच चपला.
हातात चार हिरडे ठेवून म्हणाली,
"डामशांची ना गं तू?
कुठल्या वाडीची?"
मी सांगितलं.
आवाज जरा मागून आला.